पाशाचा वाटा

शनिवार, २८ सप्टेंबर

ही वही प्रयोगशाळेतली आहे. निवृत्त होताना कपाटात चार कोऱ्या उरल्या होत्या, त्या उचलून घरी आणल्या. चौतीस वर्षे अशाच वह्यांत अलेक्झांड्रियाच्या पाण्याच्या नोंदी केल्या: रंग, वास, गढूळपणा, क्लोरीन. आता मुहाबच्या माशांच्या पाण्याची नोंद ठेवणार आहे.

मुहाबला जाऊन आज सातवा दिवस. एकोणतीस वर्षांचा होता. रक्ताचा आजार, अकरा महिने. शेवटचे चार महिने खोलीबाहेर आला नाही. पलंगाला लागूनच काचेची टाकी ठेवली होती, म्हणजे पडल्यापडल्या दिसावी. आत दोन सोनेरी मासे. जाडजूड नारिंगी तो पाशा, आणि पांढरी, डोक्यावर काळा ठिपका असलेली ती मादाम. नावे त्यानेच ठेवली.

जाण्याआधी पाच दिवस मला म्हणाला, "बाबा, या दोघांना जगवा. नाहीतर आईला घर खायला उठेल." मी म्हणालो, "तू बरा हो, मग तूच जगव." हे उत्तर चुकले. 'जगवतो' एवढेच म्हणायला हवे होते. म्हणून इथे लिहून ठेवतो. जगवतो.

खाणे: दिवसातून एकदा, सकाळी आठला, त्याच्या औषधाच्या चमच्याने पाव चमचा. अंदाजपंचे काही नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

माझी बायको इन्शिराह माझ्याशी बोलत नाही. चहाचा ग्लास समोर ठेवते आणि जाते.

कारण मला ठाऊक आहे. नोंद अर्धवट नसावी म्हणून तेही लिहितो. गेल्या गुरुवारी ती आणि तिची बहीण अमूदच्या कबरस्तानात निघाल्या होत्या. बेकरीतून टोपलीभर शुरेक आणला होता. तिळाने मढवलेला गोड मऊ पाव, तो कबरीपाशी गोरगरिबांना वाटायचा. घेणाऱ्याने म्हणायचे, 'अल्लाह त्याच्यावर रहम करो', आणि ते पुण्य मेलेल्याला पोचते अशी समजूत. इन्शिराह म्हणाली, "तुम्हीपण चला ना. बापाच्या हातून एक तरी दिला जाऊ दे."

मी म्हणालो, "पाव वाटून पोरगा परत येतो का? भाबडेपणाला काही सीमा! हा शुरेक पुन्हा माझ्या घरात दिसता कामा नये."

बहिणीसमोर म्हणालो, म्हणून जास्त लागले असावे. बोललो त्यात खोटे काही नाही, पण वेळ चुकली. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातले आहे. मला 'अबू मुहाब' म्हणून हाक मारायची, तीही बंद. आता मुहाबच नाही तर त्याचा बाप कुठून, असे तिला वाटत असेल.

दफनानंतर मी कबरस्तानात गेलेलो नाही. तिथे काय आहे?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

टाकीत जंत.

सकाळी आठला पाहिले. पांढरे, केसाइतके बारीक, लांबी साधारण एक सेंटीमीटर. काही काचेवर वळवळत होते, काही पाण्यात लटकत होते. अकरा मोजले. वाळूत आणखी असणार. पाणी किंचित गढूळ.

चौतीस वर्षांत माझ्या पाण्यात जंत निघाला नव्हता. आणि निघाला तो माझ्याच घरात, मुलाच्या उशाशी.

काल गुरुवार, म्हणून संध्याकाळपर्यंत मी कहवाखान्यात बसलो होतो. दर गुरुवारी तसेच करायचे ठरवले आहे. इन्शिराह कबरस्तानातून परत येते तेव्हा तिचा चेहरा पाहवत नाही. काल घरी असतो तर कदाचित सुरुवातीलाच दिसले असते.

रविवार, ६ ऑक्टोबर

नळीने वाळूतला गाळ ओढून काढला. एक तृतीयांश पाणी बदलले. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घातले, क्लोरीन उडू दिले. गाळ पांढऱ्या बशीत घेऊन भिंगातून पाहिला. जंत भरपूर. शिवाय काही फिकट पिवळे, चपटे, एका टोकाला निमुळते असे कण. फुगलेले. आकार तिळाएवढा. जंतांची अंडी असावीत. एवढ्याशा जंताची एवढी मोठी अंडी कशी, हा प्रश्न आहेच.

इन्शिराह दारात येऊन उभी राहिली. दहा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"मासे आजारी आहेत का?"

"मासे नाहीत, पाणी आजारी आहे. जंत झालेत."

"ते माशांना खातात?"

"अजून तरी नाही."

"आणि मासे? पोटभर जेवतात ना ते?"

"माझ्या हिशेबाने जेवतात," मी म्हणालो.

ती टाकीवर वाकली आणि पाशाला न्याहाळले. मग म्हणाली, "तुमच्या हिशेबात तर माणसंपण उपाशी राहतील." आणि आत गेली. टोमणा होता, पण निदान बोलली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

फक्त दोन जंत. पाणी स्वच्छ. वास नाही. शिस्तीपुढे जंताचेही चालत नाही. मुहाब असता तर म्हणाला असता, "बाबा, आता त्या दोघांना नोटीस पाठवा."

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चाळिसाच्या वर. मोजणे सोडून दिले. पाणी दुधाळ. दोन्ही मासे वर येऊन तोंडाने हवा ओढत होते. मादाम एका कुशीवर कलते आहे.

जुन्या सहकाऱ्याकडे दोन नमुने पाठवले, नळाचा आणि टाकीचा.

सोमवार, १४ ऑक्टोबर

निकाल आले. नळाचे पाणी निर्दोष. टाकीत अमोनिया फार. म्हणजे आत काहीतरी कुजते आहे. पण काय? मी घालतो ते पाव चमचा दोन मिनिटांत संपते, मी घड्याळ लावून बघतो.

पाने उलटून तक्ता केला. शुक्रवारी जंत सर्वांत जास्त, बुधवारी सर्वांत कमी. दोन्ही शुक्रवारी तेच. गुरुवारी शहराच्या पाण्याचा दाब बदलतो, त्याचा संबंध असेल का? पण मी गुरुवारी पाणी बदलतच नाही. विचार करतो आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पुन्हा तेच. पुन्हा शुक्रवार.

शुक्रवारच्या बाजारात गेलो. मुहाबने हे मासे ज्याच्याकडून आणले तो मुअल्लिम बसयूनी तिथे बसतो. समोर काचेच्या बरण्या, मागे कोंबड्यांचे पिंजरे. बाटलीत जंत घेऊन गेलो होतो. त्याने बाटली उन्हात धरली आणि हसला.

"उस्ताद रिफअत, हे चोर नाहीत, झाडूवाले आहेत. उरलंसुरलं खातात, माशाला हात लावत नाहीत. उलट मासेच यांना गट्ट करतात. झाडूवाले वाढले म्हणजे घरात उकिरडा वाढलाय. जास्त खायला घालताय तुम्ही."

"पाव चमचा. एकदा. मोजून."

"मग दुसरं कोणीतरी घालतंय."

"घरात मी आणि माझी बायको. ती त्या खोलीत जातच नाही. गेली तर रडायला जाते."

त्याने बाटली माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "मुहाब इथे स्टुलावर बसायचा, तासन्‌तास. अल्लाह त्याच्यावर रहम करो. एक ऐका, औषधबिवषध घालू नका. जंत मरतील एका दमात, कुजतील तिथेच, आणि मासे गुदमरतील. आठवडाभर उपाशी ठेवा आणि कडी लावा खोलीला."

मासेविक्याने मला पाणी शिकवावे! मी आभार मानून निघालो. वाटेत जनावरांच्या औषधाचे दुकान उघडे होते. तिथून मेंढ्यांच्या जंतांचे औषध घेतले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

औषध दिले. टाकीच्या पाण्याच्या हिशेबाने प्रमाण काढले, दोनदा तपासले. संध्याकाळपर्यंत जंत तळाला पडू लागले. उद्या गाळ ओढतो.

रविवार, २० ऑक्टोबर

मादाम गेली.

सकाळी पाण्यावर आडवी होती. तळाला मेलेल्या जंतांचा पांढरा थर, आणि वास. बसयूनी म्हणाला होता तसेच. पाशाला ताबडतोब बादलीत काढले. जिवंत आहे, पण कल्ले जोरात हलतात.

इन्शिराहने मादामला रुमालात घेतले. बाल्कनीतल्या तुळशीसारख्या त्या रैहानच्या कुंडीत पुरले. मुहाबच्या वेळी तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते, लोक कुजबुजले होते. आज त्या कुंडीपाशी बसून ओक्साबोक्शी रडली. "कमीच खायची ती," म्हणाली. "मला वाटायचं, पाशा तिचं पण…" आणि थांबली.

मी म्हणालो, "माझ्या औषधाने मेली." खरेच तसे होते. तिने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळले नाही.

मी जगवतो असे लिहिले होते. पहिल्या पानावर आहे.

बुधवार, २३ ऑक्टोबर

तीन दिवस टाकीच्या मागे. सगळी रिकामी केली, वाळू पातेल्यात उकळली, काच मिठाने घासली. पाशा तीन दिवस बादलीत होता. काल दुपारी त्याला परत सोडला. एकटाच कोपऱ्यात बसतो.

जंत: शून्य. उद्या कहवाखान्यात जाणार नाही. नवे पाणी आहे, लक्ष ठेवायला हवे.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

जे पाहिले ते क्रमाने लिहितो.

दुपारी मी मुहाबच्या खोलीबाहेरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो होतो. पडद्यामुळे आतून दिसत नव्हतो. तीनच्या सुमाराला इन्शिराह कबरस्तानातून आली. मी नेहमीप्रमाणे बाहेर आहे असे तिला वाटले. काळे कपडे, पर्स खांद्यालाच, चपलाही काढल्या नव्हत्या. थेट टाकीपाशी आली. पर्समधून रुमाल काढला. रुमालात शुरेक.

त्याचा तुकडा मोडून तिने बोटांनी चुरला आणि पाण्यात सोडला. ओठ हलत होते, फातिहा पढत होती. मग मोठ्याने म्हणाली:

"खा रे पाशा, खा. तिथली माणसं घेतात आणि जातात, माझा मुहाब कोण होता ते त्यांना माहीत नाही. तू ओळखतोस त्याला. खा आणि त्याच्यासाठी दुवा माग. मादामचा वाटापण तूच घे आता." आणखी एक तुकडा. "आणि त्याच्या बापाला सांगू नकोस हं. त्यांना नाही चालत."

पाशा कोपऱ्यातून निघाला आणि खाऊ लागला. चुरा खाली वाळूवर बसत होता. वरचे तीळ सुटून हळूहळू तळाला जात होते.

तीळ.

मी भिंगातून पाहिले होते. आकार तिळाएवढा, असे स्वतःच्या हाताने लिहिले होते. हसू आले नाही.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर नळीने सगळा चुरा ओढून काढला. तिला कळू दिले नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मादामला कोणी मारले? अर्धे तिच्या शुरेकने, अर्धे माझ्या औषधाने. आणि शुरेक चोरून का द्यावा लागला? कारण मी म्हणालो होतो, माझ्या घरात दिसता कामा नये. म्हणजे तिच्या अर्ध्यातही मीच आहे.

तिला सांगितले तर पाशा वाचेल. पण मुलाच्या नावाने जे दिले त्यानेच त्याची मादाम मेली, हे तिला कळेल. ते तिला सहन होणार नाही. आज सकाळी तिने चहाबरोबर अर्धी भाकरी खाल्ली, महिन्याने. नाही सांगितले तर दर गुरुवारी दोन वाटे पाण्यात जातील. दर वेळी मी असा लपूनछपून किती उपसणार? एकदा चुकलो की पाशाही गेला.

चौतीस वर्षे अहवाल लिहिले. दोष सापडला की लिहायचा, कोणाला लागेल ते बघायचे नाही. हा अहवाल कोणाला देऊ?

मंगळवार, २९ ऑक्टोबर

एक गोष्ट इतके दिवस लिहिली नाही. मुहाब गेल्यापासून मी त्याचे नाव तोंडाने घेतलेले नाही. लिहितो, पण बोलत नाही. बसयूनीने घेतले, तिने त्या माशापाशी घेतले. मी नाही. 'अल्लाह त्याच्यावर रहम करो' हेही नाही. ते म्हटले की संपले, असे मला वाटत असावे. तिला भाबडी म्हणालो, आणि भाबडा मी.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर. मुहाबचा चाळिसावा दिवस

सकाळी कोट घालून बेकरीत गेलो आणि दोन टोपल्या शुरेक घेऊन आलो. इन्शिराह जेवणाच्या टेबलापाशी उभी होती. टोपल्या बघितल्या, मग मला बघितले.

"हे काय?"

"मीपण येतोय."

तिने माझ्या कोटाचे मधले बटण लावले, ते मी विसरलो होतो.

अमूदला ऊन फार होते. कबरीवर तिने खजुराच्या फांद्या घातल्या. मी टोपली धरून उभा राहिलो, काय करायचे ते सुचेना. एक म्हातारी आली, हात पुढे केला. मी शुरेक दिला. ती म्हणाली, "कोणासाठी, बाबा?"

"माझ्या मुलासाठी."

"नाव सांग. नाव घेतल्याशिवाय दुवा कशी मागू?"

मी टोपली खाली ठेवली. तिने घाई केली नाही. "मुहाब," मी म्हणालो. "मुहाब."

"अल्लाह मुहाबवर रहम करो. आणि तुझ्या जिवाला धीर देवो." ती पुढच्या कबरीकडे गेली. मी दगडावर बसलो आणि रडलो. लोक होते. असू देत.

घरी आलो. इन्शिराह चपला न काढता मुहाबच्या खोलीकडे वळली, पर्स छातीशी धरून. मी तिच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो. वाटेत येताना बरीच वाक्ये जुळवली होती, अमोनियापासून सुरू होणारी. ती सगळी टाकून दिली. हात पुढे केला, त्या म्हातारीसारखा.

"मला दे," मी म्हणालो. "पाशापेक्षा मी त्याला जास्त ओळखतो. पाशाचा वाटा मला दे."

तिचा चेहरा उतरला. मग तिने रुमाल उघडला. मी तिथेच, दारात उभ्या-उभ्या, तो शुरेक पूर्ण खाल्ला. कोरडा होता, तीळ दाढेत अडकले.

"अल्लाह त्याच्यावर रहम करो," मी म्हणालो. "मुहाबवर."

"आमीन," ती म्हणाली. मग रुमालाची घडी घालत म्हणाली, "पाणी देऊ का, अबू मुहाब?"

शनिवार, ९ नोव्हेंबर

परवाच्या गुरुवारीही वाटा मलाच मिळाला. पाशा ठीक. जंत: काल तीन, आज एक. तो एक पाशाने माझ्यादेखत खाल्ला. बसयूनीला जाऊन सांगायला हवे की तो बरोबर होता. जड जाईल, पण जाईन.

इन्शिराहने आज विचारले, "जंत कमी झाले का?"

"झाले."

"कशाने?"

"उकळलेल्या वाळूने," मी म्हणालो. "शिवाय थंडी सुरू झाली."

"असं होय." ती बाल्कनीत गेली आणि मादामच्या कुंडीला पाणी घातले, बराच वेळ घालत होती. तिला काही कळलेले नाही. बरे झाले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दोघे अमूदला जाऊन आलो. आज तिने पर्समधून दोन शुरेक काढले. एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. टाकीसमोर पलंगावर बसून खाल्ले, त्याच्या चादरीवर. मांडीवर पडलेले तीळ तिने एकेक वेचून रुमालात बांधले.

पाशा काचेला तोंड लावून मागत होता. मी मुद्दामच दिला नाही. तिनेही दिला नाही. विसरली असावी.